कोणी मागितलं तर

मिशनच्या टर्नर साहेबांची जीप बुधवारा पेठेच्या वळणावर दिसेनाशी झाली, तिची धूळही खाली बसली, तरी सुकलाल मास्तर फाटकातच उभे होते. सुलभा स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. साहेबांना पोचवायला बाबा नेहमीच फाटकापर्यंत जात. पण पोचवून झाल्यावर असे उभे राहत नसत.

"कप उचल वं बाई," तिची आई, मालूबाई, मागून म्हणाल्या. "नुसतं बघून काय होनार?"

सुलभा ओसरीवर आली. तिचे यजमान, वामनराव, साहेबांनी रिकामी केलेल्या खुर्चीत बसले होते. ते खंडव्याच्या शाळेत मास्तर होते. सासुरवाडीला ते एरवी मोजकंच बोलत, पण आज त्यांना राहवत नव्हतं.

"झालं बुवा एकदाचं! उद्या उपासनेनंतर पंच हात वर करतील, जानेवारीत अकोल्याला दीक्षा. बुऱ्हाणपूरच्या मंडळीचा पहिला देशी पाळक, आणि तो आपल्या घरातला!"

ज्याच्याबद्दल ते बोलत होते तो शांतवन पायरीवर खांबाला टेकून बसला होता. सुलभाचा धाकटा भाऊ. फौजेत जाऊन, कोरियाला जाऊन, मग सेमिनरीत पाळकाचं शिकून आलेला. त्याने मान वर केली नाही.

साहेब जे सांगून गेले ते सगळ्यांनी ऐकलं होतं. वर्ष संपताना मिशन इथलं काम आवरतं घेणार. ख्रिस्ती देऊळ, शाळा, फोपनारचा दवाखाना, सगळं मंडळीच्या हाती. गेल्या साली राज्यांची उलथापालथ झाली, बुऱ्हाणपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं आणि मंडळीची परिषद जिथे बसायची ते अकोला मुंबई राज्यात गेलं. आता मिशनही मंडळीत विलीन व्हायचं होतं. त्यासाठी मंडळीला दीक्षा झालेला पाळक हवा, आणि तो शांतवन. हे सांगून साहेब सुकलाल मास्तरांकडे वळले होते. "मास्तर, तुम्ही फार विश्वासू सेवक आहात. मुलाला मदत कराल ना?" आणि बाबा म्हणाले होते, "होय साहेब."

तीस वर्षं बाबा इथले उपदेशक. फोपनारपासून इच्छापूरपर्यंत पायी फिरले, शिकवलं, प्रार्थना केल्या, मेलेल्यांना माती दिली. पण दीक्षा नसल्यामुळे बाप्तिस्मा देणं आणि प्रभुभोजन वाढणं त्यांच्याकडे नव्हतं. ते भाकर कापून ठेवत, द्राक्षरस ओतून ठेवत, मेजावर पांढरं कापड अंथरत, आणि मग मागे सरत. पुढचं साहेब करत.

सुकलाल मास्तर आत आले. चपला जागेवर ठेवून ते बाकावर बसले. "देवाची इच्छा पूर्ण होवो," ते म्हणाले. त्यांचं रोजचं मराठी पवित्र शास्त्रातलंच असे.

"बाबा, मी दीक्षा घेणार नाही," शांतवन म्हणाला.

वामनराव हसले, आणि कोणीच हसत नाही हे बघून थांबले. "म्हणजे?"

"उद्या मीटिंगमध्ये सांगणार आहे. द्यायची तर बाबांना द्या."

"अरे, परिषदेचे नियम आहेत. वय आहे, शिक्षण आहे. आता भोपाळशी लिहायचं हिंदीत, अकोल्याशी मराठीत, मिशनच्या बोर्डाशी इंग्रजीत. मामांना जमणार आहे का? तू जग बघून आलायस."

"जग कुठलं, भाऊजी? तारेचं कुंपण बघून आलो."

"बरोबर बोलतोय तो," सुलभा एकदम म्हणाली. वामनरावांनी तिच्याकडे वळून पाहिलं. चारचौघांत ती नवऱ्याचं बोलणं कधी खोडत नसे. पण मघाशी फाटकातली ती पाठ तिने बघितली होती. "बाबांनी आयुष्य घातलं इथे. निदान आता तरी."

"मला दया नको," सुकलाल मास्तर म्हणाले.

"दया नाही, बाबा."

"मग काय आहे? पोरानं स्वतःच्या गळ्यातून काढून बापाच्या गळ्यात घातलेला हार?"

शांतवन खांबापासून सरळ झाला. मग म्हणाला, "कोरियातलं एक सांगतो. ऐकून घ्या, मग काय ते ठरवा."

सगळे त्याच्याकडे बघू लागले. कोरियाबद्दल त्याने घरात कधीच काही सांगितलं नव्हतं. परत आल्यावर मंडळीने त्याला भाषणाला उभं केलं होतं, तेव्हा 'देवानं राखलं' एवढं बोलून तो खाली बसला होता.

*

खरं तर उपदेशकाचा पोरगा म्हणून जगायचा कंटाळा आला म्हणूनच तो फौजेत गेला होता. पण हे आत्ता सांगायचं नव्हतं. त्याने दुसरीकडून सुरुवात केली.

"लढाई थांबली होती. पकडलेल्यांपैकी बऱ्याच जणांना आपल्या मुलखात परत जायचंच नव्हतं. त्यांचा फैसला होईपर्यंत त्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं आणि राखायला आपली पलटण. आपण तटस्थ. म्हणजे दोन्हीकडच्या शिव्या आपल्याला. मी आजाऱ्यांच्या तंबूत होतो. ताप बघायचा, पट्ट्या बांधायच्या, भांडी उचलायची. पहिल्यांदा वाटायचं, देवाचे दोन शब्द सांगावेत. पण माझी भाषा त्यांना येईना, त्यांची मला. मग नुसतं बसायला शिकलो. कण्हणाऱ्याचा हात धरून बसायचं. त्याच्यापेक्षा जास्त काही माझ्याकडे नव्हतंच. इथे येऊन आता मी आजाऱ्याकडे गेलो की पुस्तक उघडायच्या आधी बसतो ना, ते तिथलं आहे."

"फोपनारचे लोक म्हणतात तसं," सुलभा म्हणाली. "शांतूभाऊ बोलत नाही, पण लवकर उठतही नाही म्हणतात."

"तंबूत एक म्हातारा होता. सगळे त्याला हाराबोजी म्हणायचे, म्हणजे आजोबा. गावाकडे सुतारकाम करायचा. पाळक नाही, उपदेशकही नाही. त्याच्या शेजारच्या खाटेवर एक पोरगा, छातीचं दुखणं. आपण जगणार नाही हे त्या पोराला कळलं होतं. एका सकाळी त्यानं म्हाताऱ्याकडे काहीतरी मागितलं. त्या दिवशी छावणीत दंगा झालेला, फाटकं बंद, पाद्री बाहेर अडकलेला. थंडी अशी की पेल्यातलं पाणी गोठायचं. हाराबोजीनं बर्फ वितळवून पेल्यात घेतलं. डब्यात बार्लीच्या भाताचा गार गोळा होता, तो हातात धरला, डोळे मिटले आणि काही बोलला. मला एकच शब्द कळला. येसू. ते पण येसूच म्हणतात, बाबा. पोराच्या जिभेवर त्यानं चार शितं ठेवली, वर ते पाणी पाजलं. आणि मग तो गोळा माझ्यापुढे केला."

"तू घेतलास?" वामनरावांनी विचारलं. त्यांचा आवाज उतरला होता.

"आधी हात मागे घेतला. दीक्षा नसलेल्याच्या हातून चालत नाही, हेच शिकलो होतो. म्हातारा तसाच हात पुढे धरून उभा. मला वाटलं, इथे याच्याहून वेगळा पाळक आणणार कुठून? मग घेतलं. दुपारी पोरगा गेला." तो थांबला. "त्याच्या आधी किती वेळा घेतलं असेल मी प्रभुभोजन. पण मला कोणी देतंय, हे त्या दिवशी समजलं. म्हणून सांगतो, बाबांच्या हाताला अकोल्याच्या कागदाची गरज नाही. बाबा पहिल्यापासून पाळकच आहेत. इतक्या मरणाऱ्यांपाशी बसले. कोणी मागितलं असतं तर द्यायला काय हरकत होती?"

"शांतू, पुरे," सुलभा म्हणाली.

"का पुरे? मी काय चुकीचं..."

"कमलनं मागितलं होतं," मालूबाई दारातून म्हणाल्या.

*

मालूबाईंना वाटलं होतं की हे शब्द बाहेर पडतील तेव्हा मोठा आवाज होईल. तसं काही झालं नाही. पिठाने माखलेले हात पदराला पुसत त्या पुढे आल्या आणि जमिनीवर बसल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या मुलाशी बोलत होत्या.

"तू बोर्डिंगात होता तवा. लहान होता. तुले कळवलं, ताई तापानं गेली. ताप नव्हता, पटकी होती. मे महिना. साहेब, मॅडम चिखलदऱ्याले गेलते थंड हवेले. त्याच साली तिले मंडळीत घेतलं होतं, नवी साडी घेतलती. दोन दिवसांत पोर सुकून गेली. सकाळपासून म्हने, बाबा, मले प्रभुभोजन द्या. तुझे बाबा म्हने, साहेबांले तार केली, ते येतीलच. पानी पाजलं, स्तोत्र म्हटलं, पाय चोळले. सगळं केलं. तेवढं नाही केलं."

मालूबाईंनी हातावरचं उरलेलं पीठ चोळून काढलं.

"दुपारी तिनं मागनं सोडून देलं," मालूबाई म्हणाल्या. "ते मले जास्त लागलं."

सुकलाल मास्तर उठले. खुंटीवरची देवळाची किल्ली घेतली, चपला घातल्या आणि अंगण ओलांडून समोरच्या देवळात गेले. दाराची कडी वाजलेली घरात ऐकू आली.

शांतवन त्या दाराकडे बघत होता. "मला कोणी सांगितलंच नाही कधी."

"मी सांगितलं ना, पुरे म्हणून!" सुलभा रडत त्याच्यावर उसळली. आत्तापर्यंत त्याच्या बाजूने बोलत होती, हे ती विसरून गेली. "मी होते त्या खोलीत. वीस वर्षांची होते. बाबांकडे बघवत नव्हतं. तुझ्या त्या म्हाताऱ्याची गोष्ट कशाला आणलीस त्यांच्यापुढे? मान द्यायला? हा मान दिलास?"

आणि मघापर्यंत शांतवनवर चिडलेले वामनराव हळूच म्हणाले, "त्याला काय ठाऊक होतं, सुलभा? आणि मामी, रागावू नका, पण मामांनी नियम पाळला. दिलेला शब्द पाळला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही..." त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही. त्यांनाही एक मुलगी होती.

"मी कोनावर रागावले नाही, जावईबापू," मालूबाई म्हणाल्या. मग त्यांनी शांतवनच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझा दोष नाही. त्या पोराले मिळालं, हे ऐकून मले बरं वाटलं बघ. कोनाच्या तरी लेकराले मिळालं."

त्या उठून आत गेल्या. उद्या खेड्यांवरून माणसं येणार होती, डाळ-बट्टीचं पीठ मळायचं राहिलं होतं.

*

देवळात अजून उजेड होता. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट मेजावर पडलं होतं. सुकलाल मास्तर पहिल्या बाकावर बसले. डाव्या भिंतीत ते लहान कपाट होतं, ज्यात ताट आणि प्याला राहत असे.

बायकोला वाटत होतं की ते त्या दिवशी नुसते तारेच्या उत्तराची वाट बघत राहिले, दुपारी बाहेर गेले तेही त्याचसाठी. तसं झालं नव्हतं. भर दुपारी ते इथे आले होते. कपाट उघडून ताट बाहेर काढलं होतं, हातात धरून उभे राहिले होते. मग मनात आलं, माझ्या हातून दिलेलं खोटं ठरलं तर? पोर ते खोटं घेऊन देवापुढे जाईल आणि तिथे तिला विचारतील, हे तुला कोणी दिलं? त्यांनी ताट परत ठेवलं होतं आणि घरी येऊन तिचे पाय चोळले होते. तोवर तिची वाचा गेली होती.

मागे पावलं वाजली. शांतवन येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला. तो तिथेच बसून राहिला. मास्तरांना सुलभाचं मघाचं वाक्य आठवलं. हा लवकर उठत नाही.

"त्या म्हाताऱ्याचा हात थरथरत होता का?" त्यांनी विचारलं.

"थंडीनं सगळ्यांचेच थरथरत होते. घास देताना नाही."

"माझा थरथरला असता."

"बाबा, मला माहीत असतं तर..."

"तर सांगितलं नसतंस. बरं झालं, माहीत नव्हतं." मास्तरांनी डोळे चोळले. "तुझ्या आईला वाटतं मी साहेबाला भ्यालो. मी देवाला भीत होतो, शांतू. देव आणि साहेब दोन वेगळे आहेत हे कळायला मले फार वर्षं लागली." आपल्या तोंडून 'मले' गेलं हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "तुझी आई ज्या भाषेत बोलते ती सोडली मी उपदेशक झालो तेव्हा. साहेबांचं मराठी पुस्तकातलं, म्हणून माझंही. कमलशी शेवटचं बोललो तेसुद्धा पुस्तकातलंच बोललो."

 तंबूत शिकलेलं तेवढंच शांतवनजवळ होतं. तो सरकून बापाच्या जवळ आला आणि त्यांचा हात हातात घेतला. एवढा मोठा झाल्यावर त्याने बापाचा हात असा धरला नव्हता.

"उद्या तुम्हीच उभे राहा, बाबा. मी मनापासून सांगतो."

"नाही. दीक्षा तू घे."

"का?"

"तुला माहीत आहे तू काय देतोयस. मी आता घेतली तर मला एवढंच माहीत असेल की परवानगी मिळाली."

"पण परवानगी लागतच नाही असंच मी मघाशी..."

"लागत नाही. पण लोकांना एक पत्ता हवा. घरात माणूस मरायला टेकलं तर कोणाचं दार ठोकायचं, हे त्यांना ठाऊक पाहिजे. दीक्षा म्हणजे तेवढंच समज. तू त्यांचं दार हो." मास्तर थांबले. "आणि उद्या मी जे बोलेन त्याला आडवा येऊ नकोस."

*

उपासना झाली. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला तसेच बसून राहिले. खेड्यांवरचे लोक मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसले होते. टर्नर साहेब मेजाशी उभे राहून बोलले. इतक्या वर्षांचं प्रेम, इथली माती, इथली माणसं. त्यांचा आवाज भरून आला आणि तो खराच भरून आला होता. मग त्यांनी शांतवनचं नाव मांडलं.

फोपनारचे पंच उखर्डू उठले. हडकुळा, केळीच्या मळ्यात राबणारा माणूस. "साहेब, शांतूभाऊ आमच्या डोळ्यांपुढचा आहे. त्याले कोनाची ना नाही. पन एक विचारतो. आमची पोरं झाली तवा मास्तर आले, मेली तवा मास्तर आले. पुरात नाल्यातून पोहत आले एकदा. त्याहिले कायले नाही?"

देवळात कुजबुज झाली. साहेबांचा चेहरा लाल झाला. "मास्तरांबद्दल मला फार आदर आहे. पण परिषदेची वयाची अट आहे. शिक्षणाची अट आहे..."

सुकलाल मास्तर उठले. मालूबाई बायांच्या बाजूने बघत होत्या. ते बोलायला उभे राहिले की हात कसे समोर जोडून धरतात हे त्यांना पाठ होतं. आज हात मोकळे होते.

"उखर्डू, बस भाऊ," ते म्हणाले. "शांतवनलाच दीक्षा द्या. मी त्याच्या बाजूने हात वर करतो. पण माझं एक मागणं आहे. पाळक एक आणि गावं पुष्कळ. उद्या इच्छापूरला कोणी मरायला टेकलं आणि शांतवन फोपनारला असला, तर तिथं जो कोणी पंच त्याच्या उशाशी बसला असेल, त्यानं त्याला प्रभुभोजन द्यावं. कोणी मागितलं तर कोणाची वाट बघू नये."

"मास्तर," साहेब सावकाश म्हणाले, "हा मोठा प्रश्न आहे. त्याचा निर्णय परिषद घेईल."

"लिहा परिषदेला."

"लिहितो. उत्तर येईपर्यंत मात्र..."

"उत्तर येईपर्यंत आम्ही थांबणार नाही, साहेब."

पंख्याची दोरी ओढणारा माणूससुद्धा थांबला. टर्नर साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत या माणसाकडून त्यांनी 'होय साहेब' याशिवाय दुसरं उत्तर ऐकलं नव्हतं.

"असं काय झालं, मास्तर?"

"माझ्या कमलनं मागितलं होतं. तुम्ही चिखलदऱ्याला होता. तुम्हाले तार मिळाली, तुम्ही निघालात, हे मले ठाऊक आहे. तुमच्यावर बोट नाही ठेवत. मीच नाही देलं. ती तशीच गेली."

साहेबांनी मेजाची कड धरली. कमल त्यांना आठवत होती. तिला मंडळीत त्यांनीच घेतलं होतं. "तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाही, साहेब."

साहेब पहिल्या बाकावर बसले. मीटिंग चालवणारं कोणी उरलं नाही. तेव्हा शांतवन उठून मेजाशी गेला.  त्याचा आवाज स्थिर होता.

"मी दीक्षा घेतो," तो म्हणाला. "साहेबांच्या बंगल्यात राहणार नाही. फोपनारला दवाखान्याच्या मागची खोली आहे, तिथे राहीन. रविवारी इथे येईन. आणि बाबांनी जे मागितलं ते मला मान्य आहे, म्हणून घेतो. तसं नसेल तर नको."

उखर्डूने पहिला हात वर केला. मग मागच्या बाकांवरचे सगळे. शहरातल्या पंचांपैकी काहींनी एकमेकांकडे बघितलं आणि मग केले. वामनरावांना या मंडळीत मत नव्हतं, ते खंडव्याचे. तरी त्यांचाही हात वर गेला. सुलभाला रडता रडता हसू आलं. सगळ्यात शेवटी, बसल्या बसल्या, टर्नर साहेबांनी हात वर केला.

जानेवारीत शांतवनची दीक्षा झाली. साहेब त्याआधीच मुंबईहून बोटीने गेले होते. जाण्यापूर्वी त्यांनी परिषदेला खरंच लिहिलं, आणि मागणीच्या बाजूने लिहिलं. अकोल्याचं उत्तर यायला पुढे बरेच महिने लागले. तोवर उखर्डूने फोपनारात एका म्हातारीला ज्वारीच्या भाकरीचा तुकडा भरवला होता आणि शांतवनने ते मंडळीत उघड सांगितलं होतं. त्यावरून शहरातली दोन घरं मंडळी सोडून गेली. हे सगळं नंतरचं.

*

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे निघून गेल्यावर मालूबाईंनी डोक्यावर पदर घेतला. "मी जाऊन येते," त्या म्हणाल्या.

कुठे, हे सुकलाल मास्तरांना माहीत होतं. दर महिन्याला त्या एकट्या जात. मास्तरांनी कधी बरोबर येऊ का म्हणून विचारलं नव्हतं आणि मालूबाईंनीही कधी बोलावलं नव्हतं.

"मीही येतो," मास्तर म्हणाले.

मालूबाईंनी नुसती मान हलवली. दोघं निघाली, त्या पुढे, ते चार पावलं मागे. ख्रिस्ती लोकांची स्मशानभूमी तापीच्या वाटेवर होती. कमलच्या मातीवर एक साधा दगड होता, भोवती गवत वाढलं होतं.

ते प्रार्थना करतील असं वाटून मालूबाईंनी डोळे मिटले. पण आवाज आला नाही. त्यांनी डोळे उघडले तर मास्तर खाली बसून गवत उपटत होते. बोटांना काटे लागत होते, तरी उपटत होते.

"ती काय म्हने?" त्यांनी वर न बघता विचारलं. "शेवटी. मी तवा देवळात गेलतो. मले कोनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही."

मालूबाई त्यांच्याजवळ बसल्या. आजवर त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. सांगायला सुरुवात करण्याआधी त्यांनी पदराने तोंड पुसलं.

"म्हने, बाबा कुठं गेले? मी म्हटलं, येतीलच आता. म्हने, त्याहिले सांग, मी रागावले नाही. मग म्हने, उन्हाचं गेले, डोक्यावर काही घेतलं का त्याहिनं?"

मास्तरांचे हात गवतात थांबले.

"कमले," ते म्हणाले. "माय वं. घेतलं नव्हतं वं काही डोक्यावर."

मालूबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ऊन वर चढत होतं. दोघांपैकी कोणीही उठलं नाही.